कात्रीनंतर काय

कात्री ओट्यावर ठेवल्याचा आवाज झाला. एवढासाच, खण्ण. पण त्या घरात परवापासून अशी कडकडीत शांतता पाळली जात होती, की तेवढ्यानेही ती दचकली. दुधाची पिशवी एका हातात आणि कापलेला कोपरा दुसऱ्या हातात, अशी ती जागच्या जागी उभी राहिली. आणि मग तिला दिसलं. वॉशिंग मशीनच्या मागून एक कान बाहेर आला होता.

नुसता कान. राखाडी, टोकाला जरासा फाटलेला. त्याच्यामागून अर्धा डोळा, मग मिश्या. परवा संध्याकाळी हे मांजर घरात आलं आणि पिंजऱ्याचं दार उघडताच जे त्या फटीत शिरलं, ते त्यानंतर आत्ता पहिल्यांदा दिसत होतं. तिने श्वास रोखला. मांजराने तिच्याकडे पाहिलं नाही, दुधाकडेही नाही. ते ओट्याच्या कडेकडे बघत राहिलं, कुणीतरी बोलता बोलता थांबावं आणि आपण पुढच्या वाक्याची वाट बघावी तसं. पुढचं वाक्य काही आलं नाही. मिश्या गेल्या, डोळा गेला, शेवटी कानही गेला.

"अगं, ये ना," ती हळूच म्हणाली. अर्थात कुणी आलं नाही.

मांजराला अजून नाव नव्हतं. प्राण्यांच्या निवाऱ्यातल्या ताई म्हणाल्या होत्या, "आधी राहू दे तुमच्याकडे थोडे दिवस. जमलं तर मग कायमचं नाव ठेवा." म्हणून सगळे तिला पाहुणी म्हणत होते. वयाने मोठी, नसबंदी झालेली, शांत स्वभावाची. पिल्लू हवं म्हणून हट्ट धरून बसलेल्या त्यांच्या लेकीने निवाऱ्यात हिला पाहिलं आणि हट्टाची दिशाच बदलली. "हिला कोणीच नेत नाहीये," एवढंच ती म्हणाली होती. त्यानंतर आईबापाला काही बोलायला जागाच उरली नाही.

निघताना ताईंनी आणखी एक सांगितलं होतं. "पहिले दोन-तीन दिवस घर जरा शांत ठेवा."

दुसऱ्या कुणी यावर मान डोलावली असती आणि घरी जाऊन विसरूनही गेलं असतं. पण ही घरबसल्या यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहायची. मिक्सर, इस्त्र्या, पाणी तापवायचे हीटर. 'वापरण्यापूर्वी सूचना नीट वाचा' हे तिचं रोजचं वाक्य, आणि त्या कुणीच वाचत नाही हे तिचं रोजचं दुःख. त्यामुळे स्वतःला कुणी सूचना दिली की ती तिच्या हातात पडून दुप्पट कडक व्हायची. 'जरा' हा शब्द घरी पोहोचेपर्यंत वाटेतच कुठेतरी गळून गेला.

आणि घर तरी कसलं? तिचा नवरा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. दिवसभर "ब्रेक, ब्रेक" ओरडून त्याचा आवाज जो वर चढला होता तो घरी येऊनही खाली उतरायचा नाही. सासरे बॉयलरच्या कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा सामान घेऊन आले, कान मात्र तिथेच ठेवून आले, असं ते स्वतःच सांगायचे. लेक पहिलीतली. झोप सोडली तर बाकी वेळ काहीतरी गुणगुणत असायची, म्हणून तिचं नाव पडलं होतं भुंगा. अशा माणसांना तिने परवापासून मूग गिळून बसवलं होतं. टीव्ही बिनआवाजाचा. मिक्सर बंद. वॉशिंग मशीन बंद, त्यामुळे मळक्या कपड्यांचा ढीग खिडकीला टेकलेला. भुंगा तोंड घट्ट मिटून, गाल फुगवून फिरत होती. सासरे बातम्या सांगणाऱ्या बाईच्या ओठांकडे टक लावून बसत आणि मधूनच कुजबुजत, "ही काय म्हणाली?" त्यांची ती कुजबुज शेजारच्या घरात ऐकू जात असे.

एवढं करूनही पाहुणीने अन्नाला तोंड लावलं नव्हतं. पाणी रात्रीतून थोडं कमी झालेलं दिसायचं, वाळूचा ट्रेही एकदा वापरला होता. पण निवाऱ्याने दिलेलं खाणं, उकडलेली कोंबडी, मासा, सगळं बशीत घातलं तसंच सुकून जात होतं. त्या दिवशी सकाळी तिने ताईंना फोन लावला.

"परवापासून काहीच नाही?" ताईंचा आवाज बदलला. फोनमध्ये मागे कुत्री भुंकत होती, कुणीतरी बादल्या आपटत होतं. "बघा, मांजराचं कुत्र्यासारखं नसतं. उपाशी राहिलं की ते लगेच यकृतावर जातं. मी डॉक्टरांशी बोलते, पण उद्या दुपारपर्यंत खाल्लं नाही तर मी येऊन तिला घेऊन जाणार."

"आणि मग बरी झाली की…"

ताईंनी मध्येच तोडलं. "खरं सांगू का? इथे येऊन जेवायला लागली तर मी तिला पुन्हा नाही हलवणार. इतक्या वेळा घर बदलायला लावणं बरोबर नाही. तुमचा काही दोष नाही त्यात."

"तुमच्याकडे ती नीट जेवत होती?"

"मस्त. इथे तर दिवसभर हा असा गोंधळ असतो, आणि ती मधोमध बसून जेवायची."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ त्या शेवटच्या वाक्याभोवती फिरत राहिली. काहीतरी हाताशी येत होतं आणि निसटत होतं. मग तिला सकाळची कात्री आठवली.

दुपारी सासरे लवंडले, भुंगा शाळेत होती, आणि एका इस्त्रीची पुस्तिका अर्धवट लिहून पडली होती. तिने ती तशीच पडू दिली आणि ओट्याशी उभी राहून कात्री पुन्हा ठेवली. खण्ण. कान आला, डोळा आला, नजर ओट्याच्या कडेवर थांबली, आणि निराश होऊन परत गेली. तिने चमचा ठेवला. काही नाही. किल्ल्यांचा जुडगा ठेवला, डब्याचं झाकण, सुरी, पक्कड. काही नाही. परत कात्री. कान हजर.

तिला आधी हसू आलं. कुठल्यातरी घरात, कुठल्यातरी टेबलावर कात्री ठेवली जात होती, आणि त्यानंतर काहीतरी व्हायचं. ते काहीतरी या मांजराला पाठ होतं. कात्री हे निव्वळ पहिलं वाक्य होतं.

संध्याकाळी जेवताना तिने हे सगळ्यांना सांगितलं. हळू आवाजातच, पण नियम जरासा सैल झाल्याचं सगळ्यांच्या लक्षात आलं.

"सरळ आहे," नवरा म्हणाला. "केस कापणाऱ्याचं मांजर. कात्री ठेवली की गिऱ्हाईक उठतं आणि खुर्ची रिकामी होते. मऊ खुर्ची. गरमसुद्धा."

"मासळीवाल्याची असेल," सासरे म्हणाले. "कात्रीने कल्ले कापतात, मग हिला डोकं टाकतात."

"पण मासा तर आपण दिला ना, बाबा," ती म्हणाली. " तिने हुंगलासुद्धा नाही."

"तू दिलास तो शिळा असेल."

"सकाळी तुम्हीच आणलात."

सासऱ्यांनी हे ऐकू आलं नाही असं दाखवलं. ऐकू न येण्याचा त्यांना एवढा एक फायदा होता.

भुंगा इतका वेळ तोंड मिटून बसली होती. तिला बोलायची परवानगी आहे की नाही याचा अंदाज घेत ती म्हणाली, "आजोबांचे पायजमे तू कात्रीने कापतेस, तेव्हा नंतर काय करतेस?"

"ते लांब असतात, बाळा. खालून कापून मग शिवायला देते."

"कुणाला?"

"शिवणाऱ्या मावशींना."

"मग त्या काय करतात?"

तिने घास खाली ठेवला. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. "काय गं?"

"काही नाही," ती म्हणाली. पण तिची नजर आतल्या खोलीकडे गेली होती. तिथे खिडकीखाली, इस्त्रीच्या कपड्यांच्या थप्पीखाली दबून, तिच्या आईने दिलेलं पायमशीन उभं होतं. भुंगा पोटात असताना तिने त्यावर दुपटी शिवली होती. वेडीवाकडी, तरी हौसेने. भुंगा जन्मली आणि त्यानंतर मशीनला कुणी हात लावला नव्हता. इतका वेळ कुणाकडे होता?

"ते चालवलं तर सगळी इमारत हादरते," नवरा म्हणाला. तिच्या मनातलं त्याला दिसलं होतं. "आणि इथे तू आम्हाला शिंकू देत नाहीस."

"माहितेय."

"घाबरून कुठेतरी अडकून बसली म्हणजे?"

हीच भीती तिलाही होती. उरलीसुरली पाहुणी आपल्या हाताने पळवून लावल्यासारखं होईल. ताई म्हणाल्या होत्या शांत ठेवा. पण ताईंच्या मागे तर बादल्या आपटत होत्या, आणि तिथे पाहुणी जेवत होती. सूचना पाळायची की सूचना देणाऱ्या माणसाभोवतीचा आवाज ऐकायचा, हे तिला कधी कुठल्या पुस्तिकेत लिहावं लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नवरा आणि भुंगा बाहेर पडल्यावर, सासरे पुन्हा लवंडलेले असताना, तिने कपड्यांची थप्पी पलंगावर टाकली, मशीनवरची धूळ पुसली, भोकं होती तिथे तिथे तेलाचे थेंब सोडले. चामड्याचा पट्टा सैल झाला होता, तो चाकावर पुन्हा चढवला. फाटायला आलेली एक जुनी चादर काढली. सुईत दोरा ओवला. खोलीचं दार तिने उघडं ठेवलं, हॉलचं उघडं ठेवलं, स्वयंपाकघराचंही.

मग चादरीची कड कापली आणि कात्री मशीनच्या लाकडी फळीवर ठेवली. स्वयंपाकघरातला तो कान इथून दिसणार नव्हता. तो बाहेर आला असेल असं धरून तिने पाय चालवला.

खडखडखडखड. तिला वाटलं होतं त्याहून आवाज फारच मोठा होता. सुई चादरीतून धावत सुटली, टाके तिरके पडले. तिने दाराकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि प्रत्येक टाक्याला बघत होती. दारात कुणी नव्हतं. कड संपली. तिने चादर फिरवली, दुसरी कड घेतली. अजून कुणी नाही. झालं, गेली ती, तिला वाटलं. आता गॅसच्या मागे हात घालून शोधायला लागणार.

तेवढ्यात तिच्या उजव्या पायाला काहीतरी मऊ लागलं.

तिने पाय थांबवला नाही. मान तेवढी वाकवली. पाहुणी मशीनखाली बसली होती, चाक आणि पायपट्टी यांच्यामधल्या अशा एका कोपऱ्यात, जिथे फिरणारं काहीही तिला लागत नव्हतं. शेपटी अंगाभोवती गुंडाळून घेतलेली, एक केसही पायपट्टीखाली नाही. त्या जागेचं माप पाहुणीला कधीचं ठाऊक होतं. ती डोळे अर्धे मिटून बसली होती, आणि मशीनच्या आवाजाखाली आणखी एक खरखर सुरू झाली होती.

तिचे डोळे भरून आले. पण डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

खाण्याची बशी स्वयंपाकघरात होती, आणि उठायची तर सोय नव्हती. तिने एकदा पाय थांबवून पाहिला, तर पाहुणीचे डोळे लगेच उघडले, अंग ताठ झालं. तिने घाईघाईने पुन्हा सुरुवात केली. सासरे दारात येऊन उभे राहिले तेव्हा ती अशी अडकून बसली होती.

"जमीन हादरायला लागली म्हणून उठलो," ते म्हणाले. "काय चाललंय?"

तिने हनुवटीने खाली दाखवलं. सासरे वाकले, बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरच्या सगळ्या सुरकुत्यांनी जागा बदलली. तिने ओठांनी 'बशी' असं सांगितलं. दोन दिवस बातमीवालीच्या ओठांकडे बघून ते त्यात तयार झाले होते. ते बशी घेऊन आले, गुडघे वाकेनात म्हणून बशी जमिनीवर ठेवून काठीने हळूहळू मशीनखाली सरकवली.

पाहुणीने बशी हुंगली. मग जरा पुढे होऊन खायला सुरुवात केली.

"थांबू नकोस, सूनबाई," सासरे त्यांच्या त्या जगप्रसिद्ध कुजबुजीत म्हणाले.

थांबण्याचा प्रश्नच नव्हता. मशीन चालू असेपर्यंत पाहुणी खात होती, वेग कमी झाला की मान वर करत होती. खालच्या रिळातला दोरा संपला, वरचा तुटला. तिला बदलायची हिंमत होईना. ती बिनदोऱ्याचीच शिवत राहिली. जुन्या चादरीवर भोकांच्या सरळ रांगा पडत गेल्या, एकीखाली एक. आयुष्यात इतकी सरळ शिलाई तिला कधी जमली नव्हती, आणि जमली तेव्हा ती दिसणारही नव्हती.

दुपारी ताई पिंजरा घेऊन आल्या. सासऱ्यांनी दार उघडलं आणि बोटाने आतली खोली दाखवली. ताई आत आल्या, वाकून बघितलं, आणि पिंजरा तिथेच भिंतीला टेकवून पलंगाच्या कडेवर बसल्या.

"किती खाल्लं?"

"एक बशी पूर्ण. आता दुसरी."

"मशीन थांबवा बघू."

"थांबवलं की ती थांबते."

"थांबवा तरी."

तिने पाय उचलला. खडखड विरली. पाहुणीने मान वर केली, दोघींच्या पावलांकडे पाहिलं. कुणी हललं नाही. थोड्या वेळाने ती पुन्हा बशीकडे वळली आणि सावकाश खाऊ लागली. ताईंनी इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडला.

"पिंजरा रिकामाच न्यावा लागणार म्हणायचं," त्या म्हणाल्या. "पण आठवड्याभरात डॉक्टरांना दाखवायचं, वजन करून घ्यायचं. बाल्कनीची जाळी मी येताना खालून पाहिली. एका कोपऱ्यात सुटलीय, ती आजच बांधा. आणि हे दोरे. शिवून झालं की एक तुकडासुद्धा बाहेर ठेवायचा नाही. मांजर दोरा गिळतं आणि मग पोट फाडावं लागतं."

"ही दोऱ्याकडे बघतसुद्धा नाही."

"हं," ताई म्हणाल्या. मग त्यांना काहीतरी आठवलं. "ही आमच्या फाटकापाशी मिळाली. पहाटे कुणीतरी खोक्यात ठेवून गेलं होतं. खोक्याला हवेसाठी भोकं पाडलेली होती, आणि आत एक गादी होती. निरनिराळ्या कापडांच्या तुकड्यांची. आम्ही धुऊन दुसऱ्या एका पिल्लाला दिली ती. तेव्हा लक्षात नाही आलं."

"काय?"

"चारही कोपरे आत दुमडून शिवले होते. उसवू नये म्हणून दुहेरी. टाकून द्यायला आलेलं माणूस एवढं कशाला करेल?"

तिने चादरीच्या कडेवरून बोट फिरवलं. सासऱ्यांना ऐकू आलं होतं की नाही कळलं नाही, पण त्यांनी विचारलं नाही, ही काय म्हणाली.

"दुकान बंद झालं असेल," ती शेवटी म्हणाली. "किंवा डोळे गेले असतील. किंवा कुठेतरी न्यावं लागलं असेल तिला. ती बाईच असेल असंही नाही म्हणा."

"आम्ही चौकशी करतो कधीकधी," ताई म्हणाल्या. "बहुतेक वेळा काही कळत नाही."

त्या गेल्यावर तिने जाळीचा कोपरा तारेने बांधला, जमिनीवरचा दोऱ्याचा तुकडा न् तुकडा वेचला, आणि इतके दिवस पडलेले कपडे वॉशिंग मशीनमध्ये टाकून ते सुरू केलं. घर घरासारखं वाजायला लागलं. पाहुणी शिलाई मशीनखालून हलली नाही.

शाळेतून आल्या आल्या भुंगा दप्तर दारातच टाकून, आजोबांनी सांगितलं ते खरं आहे का बघायला आतल्या खोलीत धावली. दारात मात्र आपोआप तिचा वेग कमी झाला. "बोलू?" तिने विचारलं.

"बोल. पण हात लावायचा नाही. ती आली तर येऊ दे."

"तू चालव ना. मला बघायचंय."

ती पुन्हा मशीनवर बसली. रिळात दोरा भरला होता, या वेळी चादरीची कड खरोखर शिवली जात होती. भुंगा जमिनीवर पोटावर झोपली, हनुवटी हातांवर, मांजराच्या नजरेच्या उंचीवर. बराच वेळ ती नुसती बघत होती. तिची ती गुणगुण मशीनच्या लयीत कधी मिसळून गेली ते तिलाही कळलं नाही. पाहुणीची खरखर, मशीनची खडखड, भुंग्याची गुणगुण; तिघींचं चांगलं जमलं होतं, आणि वर बसलेल्या आईला वाटत होतं, ही कड संपूच नये.

"आई," खालून आवाज आला. "ती वर बघतच नाहीये."

"वर कशाला बघेल? तिला तिथे बरं वाटतंय."

"नाही, म्हणजे तुझ्या तोंडाकडे. एकदा पण नाही बघितलं. ती फक्त पायांकडे बघते."

"असेल. मशीनखाली तेवढेच दिसतात ना."

 भुंग्याची गुणगुण थांबली. आईचा पाय आपल्या लयीत वरखाली होत होता. पाहुणीने डोकं हळूच पुढे करून त्याच्या घोट्याला टेकवलं आणि डोळे मिटून घेतले.

"आई," भुंगा म्हणाली, "तिला काय वाटतंय, हे पाय कुणाचे आहेत?"